चोरून बघणाऱ्यांची शिरगणती

परवा मामेभावाने इंदूरच्या घरच्या ग्रुपवर एका नव्या मराठी चित्रपटाची लिंक टाकली. लागून आठवडाही झाला नव्हता. खाली रामबागेतल्या मावशीपासून सगळ्यांचे अंगठे. मी लिहिलं, "अरे, ही चोरी आहे." लगेच उत्तर: "ताई, ज्ञान नको पेलू. करोडो कमावतात ते. माझ्या एका डाउनलोडनं कोण भिकेला लागतंय?" वर पुरावा म्हणून बातमी. युरोपियन कमिशनने करवून घेतलेला, 2017 मध्ये बाहेर आलेला अभ्यास: फुकट उतरवल्यामुळे विक्री घटते असा ठोस पुरावा सापडत नाही. "तुझ्याच युरोपचा आहे," हे आणखी.

दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही. एक तर त्याने बातमी अर्धीच वाचली. त्या अभ्यासात अपवाद आहे तो नव्या, गाजणाऱ्या चित्रपटांचा; तिथे नुकसान दिसतं. आणि आमचे भाऊराय टाकतात काय? नवा चित्रपटच.

जर्मनीत स्टुटगार्टला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मी एक इंग्रजी चित्रपट टॉरेंटवर उतरवला होता. आपण उतरवत असतानाच आलेले तुकडे आपल्या लॅपटॉपवरून दुसऱ्यांना वाटले जातात, हे मला कुठे ठाऊक! वकिलाचं जाडजूड पाकीट आलं, जर्मनमध्ये 'अबमानुंग', म्हणजे ताकीद: 915 युरो, आणि पुन्हा असं करणार नाही या कबुलीवर सही. रूममेट म्हणाली, "अबमानुंग? एकदा सगळ्यांनाच येतं." घासाघीस करून 450 वर मिटलं. तेव्हापासून मी सरळ. घरात टीव्ही नाही, तरी सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचे दर तिमाहीचे 55 युरो 8 सेंट निमूट जातात.

भाऊ म्हणतो, कायदा आपल्याकडेही आहे. आहे ना. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद. 2023 मध्ये सिनेमाच्या कायद्यातही दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून चित्रण केलं तर किमान तीन महिने आत, आणि दंड निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. पण आमच्या लहानपणी चोरीच्या सीड्या तीस-तीस रुपयांना मिळायच्या त्या इंदूरच्या जेल रोडवरच, आणि जेलमध्ये गेलेला एकही दुकानदार मला आठवत नाही.

लतादीदी 1929 मध्ये इंदुरात, शीख मोहल्ल्यात जन्मल्या, हे आपण प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. त्याच लतादीदींनी साठच्या दशकात गायकाला रॉयल्टी हवी म्हणून भांडण मांडलं आणि त्यापायी रफीसाहेबांबरोबर काही वर्षं गायल्या नाहीत. रफीसाहेबांचं म्हणणं, गाण्याचे पैसे मिळाले की व्यवहार संपला. माझ्या भावाला मात्र रफीसाहेबांच्या पक्षातही बसवता येत नाही, कारण ते निदान पैसे मिळाल्यानंतरचं बोलत होते.

बरं, इंदूरकर चिक्कू आहेत म्हणावं, तर तसंही नाही. हाच भाऊ मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद संस्थेची वर्गणी वेळेवर भरतो, नाटकाला इस्त्रीचा झब्बा घालून जातो आणि नंतर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत सगळ्यांचे पैसे स्वतः देतो. पण मराठी चित्रपट? कुठल्यातरी मल्टिप्लेक्सात भर दुपारचा एक शो, तोही शुक्रवारपर्यंत टिकला तर. दुकान बंद करून जाणार कसा तो?

इथे मला त्याचं पटतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. चोरून बघणारा कुणाच्या मोजणीत येत नाही. वितरकाला दिसतात ती तिकिटं. त्याच्या कागदावर इंदुरात मराठी माणूस उरलेलाच नाही, म्हणून शो जातो. शो नाही म्हणून आपण लिंक फिरवतो. करोडोवाल्याचं काय व्हायचं ते होवो, आपण आपलंच नाव यादीतून खोडतोय.

माझं तरी काय वेगळं आहे? इथल्या महाराष्ट्र मंडळात कुणी नाक वर करून विचारतं, "इंदूर? मग घरी हिंदीच असेल!" तेव्हा त्यांच्या तोंडावर मी जी खणखणीत मराठी फेकते, तिला जेल रोडच्या त्या सीड्यांनीच पोसलंय. आणि सरळ झाले म्हटलं ते इंग्रजीपुरतं. मराठी ॲप इथे उघडलं की "तुमच्या देशात उपलब्ध नाही". "तुमच्या देशात" म्हणजे जर्मनीत! मग काय, उतरवते. त्या एका इंग्रजी चित्रपटाचं पाकीट आलं. इतक्या मराठी चित्रपटांचं एकदाही नाही. सुटले म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की आपल्या घरचं काही चोरीला गेलंय हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

डिसेंबरात इंदूरला जातेय. ग्रुपवर माझ्याशी भांडणाऱ्या भावाने रात्री खासगीत लिहिलं, "ताई, मोठा पेनड्राइव्ह आण, वर्षभराचं भरून ठेवलंय." इथे पेनड्राइव्हच्या किमतीतच खासगी नकलांपोटी कलावंतांचा वाटा धरलेला असतो, रेकॉर्डरवर ही आकारणी 1965 च्या कायद्यापासूनची. म्हणजे चित्रपट मराठी, भरणार जेल रोडजवळ, आणि काही सेंट जाणार इथल्या कुणा गिटारवाल्याला.

शनिवारी 128 जीबीचा घेतला. बिलाचा फोटो भावाला पाठवला. त्याने अंगठा टाकला.