बाटली फोडायला दहा जण

"शिकलीसवरलेली माणसं ना तुम्ही?" मंगळवारी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी एका नर्सबाईंनी नऊ अनोळखी माणसांसमोर मला हे ऐकवलं. आज शुक्रवार. दंडाची सूज उतरली, वाक्य अजून उतरलेलं नाही.

आम्ही केनियाला चाललोय. मसाई मारा, सिंह, वगैरे. त्यासाठी पिवळ्या तापाची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं आणि ते लस टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. लस गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, ठरलेल्या केंद्रांवरच मिळते. बायकोने गेल्या महिन्यातच घेऊन टाकली. मी "बघू" म्हणालो होतो. विमानाला १४ दिवस उरले तेव्हा बघितलं. मुंबईतलं जे सरकारी केंद्र मला सापडलं तिथे लस फक्त मंगळवारी. म्हणजे हा मंगळवार हुकला तर पुढचा बिनकामाचा.

डोंबिवलीहून उभ्याने प्रवास करून पोचलो तर बाकावर आठ जण. मी नववा. नर्सबाईंनी नियम सांगितला, "एका बाटलीत दहा डोस. एकदा फोडली की सहा तासांत संपवायची, नाहीतर उरलेली फेकायची. दहा जण झाल्याशिवाय मी फोडणार नाही." बाटली फोडायला माणसं जमवावी लागतात हे मला ठाऊक होतं, पण ते दुसऱ्या बाटलीबद्दल.

आता काकांकडे येतो. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर आत्तापासूनच खाकी टोपी, हातात प्लास्टिकची फाइल. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणलेली, आणि ती लॅमिनेट केलेली. सात वाजल्यापासून बसल्यामुळे बाकाचा ताबा त्यांच्याकडे होता.

"नावं नकोत, गोंधळ होतो," ते मला म्हणाले. "तुम्ही नऊ नंबर. मी एक. हा पोरगा आठ."

आठ नंबर रत्नागिरीचा होता, बोटीवर रुजू व्हायला निघालेला. त्याला सिंह बघायचा नव्हता, नोकरी गाठायची होती. तो घड्याळाकडे बघत होता आणि काका आमच्याकडे. कोणी उठलं की लगेच, "कुठे? बाथरूमला? पाच मिनिटांत या. एक गेला की दुसरा जातो, मग बाटली बोंबलते." सहा नंबरला बाहेर जाऊन सिगरेट ओढायची होती. काकांनी त्याला बडीशेप दिली.

दहा वाजले तरी दहावा येईना. चहावाला पोरगा आला तेव्हा काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पासपोर्ट आहे का रे?"

"आधार आहे."

"आफ्रिकेला जायचंय?"

"भाईंदरला जायचंय."

काकांनी सुस्कारा सोडला आणि स्वतः खाली रस्त्यावर गेले. तिथे त्यांनी कोणाकोणाला विचारलं ते मला माहीत नाही, पण एक ट्रॅफिक हवालदार वर येऊन दारातून डोकावून गेला.

तेवढ्या वेळात मला तीन डास चावले. लसीकरण केंद्रात. खरी चीड मला याची आहे. पिवळा ताप आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास आपल्या घरचाच आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंग्यूवाला. एक आजारी माणूस बाहेरून आला की पुढचं काम करायला हा तयारच. म्हणून कार्डाशिवाय तिकडून परतलात तर सरकार तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. ठेवा! पण माणसाची एवढी झडती घेता, आणि डासाला? आमच्या सोसायटीशेजारी बांधकामाच्या उघड्या टाकीत त्याची तिसरी पिढी सुखाने नांदतेय. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात दोघांना डेंग्यू झाला, तेव्हा कोणी कुठलं कार्ड विचारलं नाही. फोनवर कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत घरी येते, पण दहा माणसांना आधी नाव नोंदवून एका वेळी बोलवायला या केंद्राला अजून जमलेलं नाही. याच शहरात हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याने दहा जण जमायची वाट पाहिली नव्हती.

सव्वाअकराला दहावा आला. बाकावर टाळ्या वाजल्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्याला कोणीतरी दुसरंच समजताहेत.

मग कागद तपासणी. चार नंबरच्या बाई माळकरी. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, म्हणून नर्सबाईंनी विचारलं, "अंड्याची ॲलर्जी आहे का?"

"मी खाल्लंच नाही, तर मला कसं कळणार?"

नर्सबाई क्षणभर निरुत्तर. मग म्हणाल्या, "केक खाता?"

"खाते की. नातवाच्या वाढदिवसाला."

"मग झालं."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. बाई बराच वेळ स्वतःच्या माळेकडे बघत होत्या.

आणि मग मी. मी झेरॉक्स पुढे केली. तीन प्रती, सही करून. आमच्या घरात मूळ कागद कपाटाबाहेर काढत नाहीत. आयुष्यभर ज्या खिडकीवर गेलो तिथे "झेरॉक्स कुठाय?" हाच प्रश्न ऐकला. पासपोर्ट मूळच हवा असं म्हणणारी ही पहिली खिडकी. तेव्हाच ते वाक्य आलं.

आम्ही पुन्हा नऊ झालो. नऊ जण माझ्याकडे वळले. रत्नागिरीचा पोरगा काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. काका मात्र बोलले. "शिकलीसवरलेली माणसं," ते हळू आवाजात म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, जणू पहिल्यांदाच सुचल्यासारखं.

मुलाला फोन केला. तो कॉलेज बुडवून पासपोर्ट घेऊन लोकलमध्ये बसला. पुढचा दीड तास काका त्याच्या प्रवासाची घोषणा करत होते. "आता ठाणे गेलं असेल. दादरला गर्दी असते." बारा वाजता नर्सबाई नोंदवही मिटायला लागल्या तेव्हा काका टेबलासमोर उभे राहिले. "बाई, मुलगा भायखळ्याला आलाय." तो तेव्हा कुर्ल्याला होता. पाऊण वाजता पोरगा धापा टाकत आला, बाटली फुटली, दहा दंड उघडे झाले.

"आता आयुष्यभर बघायला नको," बाहेर पडताना काका कार्ड हलवत म्हणाले. "पूर्वी दहा वर्षं चालायचं, २०१६ पासून कायमचं. आपण संपू, हे नाही संपणार." मग त्यांनी सगळ्यांचे नंबर घेतले आणि 'दहा जण' नावाचा ग्रुप काढला. त्यावर तेव्हापासून रोज सकाळी "कोणाकोणाला ताप?" अशी हजेरी असते.

आज सकाळी हजेरीऐवजी हे आलं: "मंडळी, एक गंमत. मी मुलाकडे जोहान्सबर्गला चाललोय, दुबईमार्गे. ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, तुम्हाला ही लस लागतच नव्हती, साउथ आफ्रिका त्या यादीत नाही. मी आपलं आफ्रिका म्हणजे आफ्रिका धरून चाललो. पण बरंच झालं, नाहीतर तुम्ही नऊच होतात!"

आठ नंबरने अंगठा टाकला. माळकरी बाईंनी फूल. मी "शिकलीसवरलेली" एवढं टाइप केलं, खोडलं, आणि जोडलेले हात पाठवले.