मधू दंडवते आणि सेकंड क्लासचा दोन इंच फोम

रेल्वेत सुधारणा म्हटलं की आजकाल डोळ्यासमोर एकदम चकाचक एसी गाडी येते, ऑटोमॅटिक दरवाजे, स्पीड वगैरे. येऊ देत, चांगलंच आहे. पण देशातला सगळ्यात मोठा रेल्वेमंत्री कोण असं मला कुणी विचारलं तर मी प्रा. मधू दंडवते हेच नाव घेणार, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे दोन इंच फोम.

नवीन पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो. १९७४ ला थर्ड क्लास हे नाव गेलं आणि सेकंड क्लास म्हणायला लागले, पण बर्थ तीच लाकडी फळी, रात्र रात्र त्याच्यावर पाठ मोडून घ्यायची. १९७७ ला जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळीवर फोम बसवायला लावला. त्यांचं म्हणणं साधं होतं, फर्स्ट क्लासवाल्यांचं काही काढून घ्यायचं नाही, सेकंड क्लासला वर आणायचं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, त्यात फर्स्ट क्लासच नव्हता, सगळी गाडी एकाच वर्गाची! समाजवाद असा गाडीला जोडून दाखवणारा माणूस होता हा.

मूळचे नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्सचे प्राध्यापक. ४२ च्या आंदोलनात होते, ५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. आणीबाणी लागली तेव्हा बंगळुरात होते, तिथूनच अटक, तिथल्याच जेलमध्ये ठेवलं, आणि प्रमिलाताई इकडे येरवड्यात. म्हणजे नवरा एका जेलात बायको दुसऱ्या जेलात, कित्येक महिने फक्त पत्रांवर संसार. आणि तिथून सुटून मंत्री झाल्यावर या माणसाने सूड वगैरे काही नाही, तर ७४ च्या संपात ज्या रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना परत कामावर घेतलं. रिझर्वेशनला कॉम्प्युटर आणायच्या कामालाही त्यांनीच सुरुवात केली, ते पण युनियनशी बोलून, त्यांना पटवून. सुधारणा करायची तर ज्याच्या पोटावर येईल असं वाटतं त्याच्याशी आधी बोलायचं, हे आता कोण करतं सांगा.

कोकणाबद्दल तर काय लिहू. तिथले खासदार नाथ पै गेले आणि १९७१ ला राजापूर मतदारसंघाने दंडवत्यांना लोकसभेवर निवडून दिलं, सलग पाच वेळा. कोकण रेल्वे कोकण रेल्वे म्हणत माणसांच्या पिढ्या गेल्या होत्या, दरवेळी उत्तर एकच, पैसा नाही. १९८९ ला व्ही. पी. सिंगांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मग १९९० ला वेगळं कोकण रेल्वे कॉर्पोरेशन काढलं, महाराष्ट्र गोवा कर्नाटक केरळ चारही राज्यांना भागीदार केलं, बाकीचा पैसा बाँड काढून उभा केला आणि इंजिनियर ई. श्रीधरन साहेबांच्या हातात काम दिलं. १९९८ च्या २६ जानेवारीला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग सुरू झाला. (अर्थमंत्री म्हणून १९९० च्या बजेटमध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा, म्हणजे सोनं बाळगण्यावर बंधनं घालणारा कायदा, रद्द करायची घोषणा आणि शेतकऱ्यांना दहा हजारांपर्यंत कर्जमाफी, हेही त्यांचंच, पण ते सरकार वर्षभरसुद्धा टिकलं नाही.)

आणि १९९१ ला याच राजापूरने त्यांना पाडलं. मला आजही हे लागतं. पाडलं तरी ते कोकणाबद्दल कडवट झाले नाहीत, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून काम करत राहिले. २००५ ला गेले तेव्हा देहसुद्धा मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलला दान केला.

आता गणपतीला याच मार्गावर जनरल डब्यात काय हालत असते ती बघा, पोरंबाळं घेऊन लोक दारात लटकत जातात, संडासाजवळ बसून जातात. एसीचे डबे वाढवा, खुशाल वाढवा, पण दंडवत्यांचं नाव घेणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याने आधी कोकणातल्या प्रत्येक गाडीला जनरलचे जादा डबे मागावेत, आणि ते फक्त गणपतीपुरते नाही, बाराही महिने.