दहापैकी नऊ म्हणजे नक्की किती?

वाद पेटला तो बापूंच्या एका वाक्यावरून. "फाजील आत्मविश्वास हा अडाण्यांचा रोग. शहाणा माणूस आपली पायरी ओळखून असतो." मास्तर संख्याशास्त्र शिकवतात. असं सरसकट विधान ते सोडून देणं शक्यच नव्हतं.

मास्तर: अडाण्यांचाच कसा, बापू? १९८१ साली ओला स्वेन्सन या संशोधकांनी गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, इतरांच्या तुलनेत तुमचं कौशल्य कुठे बसतं? अमेरिकेतल्या ९३ टक्के जणांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवलं, स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांनी. वरच्या अर्ध्यात जागा असते ५० टक्क्यांनाच.

बापू: त्यात काय? एकाच्या मते चांगला चालक म्हणजे सावध, दुसऱ्याच्या मते गर्दीतून सफाईने गाडी काढणारा. दोघं आपापल्या मापाने बरोबरच.

हा मुद्दा खोडायला सोपा नव्हता. ताईंनी तो खोडलाही नाही. त्या ड्रायव्हिंग शिकवतात.

ताई: म्हणूनच "तू कसा चालवतोस" असं विचारू नये, आकडा विचारावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. "मी वेळेवर ब्रेक मारतो" म्हणणाऱ्याला हे अंदाजाने सांगायला लावा. बहुतेक जण फार कमी सांगतात.

बापू: पण वर्षानुवर्षं चालवून अंगवळणी पडतंच की.

ताई: हात बसतो, अंदाज सुधारेलच असं नाही. मागे चिकटून चालवणाऱ्याला रोज शिक्षा होत नाही. थोडक्यात वाचला की तो ते आपल्या कौशल्याच्या खात्यावर जमा करतो. समोरच्याने गाडी बाजूला घेतली म्हणून वाचलो, ही नोंद कुठेच होत नाही.

बापूंनी मग डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांचं नाव काढलं. ज्याला कमी येतं तोच जास्त फुशारतो, हे १९९९ सालीच सिद्ध झालं, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांनी निम्मं मान्य केलं.

मास्तर: त्यांच्या प्रयोगांत सर्वांत खालच्या पाव गटाची खरी जागा शंभरात खालून साधारण बारावी होती आणि त्यांनी सांगितली बासष्टावी. आकडा खरा आहे. पण तळाला असलेल्याचा अंदाज चुकला तर बहुधा वरच्या बाजूलाच चुकणार, खाली जागाच नाही. शिखरावरच्याचा खालच्या बाजूला. त्यामुळे त्या आलेखाचा काही भाग नुसत्या गणितातून येतो, यावर पुढे बरीच टीका झाली. आणि तळाचे लोक स्वतःला शिखरावरच्यांपेक्षा वरचढ समजत होते, असं त्यात नाहीच.

फाजील आत्मविश्वास या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, ही मूर आणि हीली या संशोधकांनी २००८ साली केलेली विभागणी इथे उपयोगी पडते. आपल्याला किती येतं ते फुगवणं ही एक. इतरांपेक्षा आपल्याला जास्त येतं असं मानणं ही दुसरी. आपला अंदाज आहे त्यापेक्षा जास्त अचूक समजणं ही तिसरी. पहिल्या दोन नेहमी जोडीने येत नाहीत. काम अवघड असेल तर माणूस आपले गुण फुगवतो आणि तरीही इतरांपेक्षा स्वतःला खाली धरतो. सोप्या कामात नेमकं उलट. तिसरी मात्र शिकलेल्या, जबाबदार माणसांतही सर्रास सापडते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तीच करते.

मास्तरांनी तिची चाचणीही सांगितली. उत्तर पाठ नसेल असे दहा प्रश्न घ्या: चंद्राचा व्यास, नाईल नदीची लांबी, असे. प्रत्येकाला एक किमान आणि एक कमाल आकडा लिहा, उत्तर त्या दोहोंच्या आत असल्याची ९० टक्के खात्री वाटेल असा. दहापैकी नऊ उत्तरं आत बसली पाहिजेत. बहुतेकांची निम्म्याच्या आसपासच बसतात. डोक्यात आधी एक आकडा येतो आणि माणूस त्याच्याच दोन्ही बाजूंना थोडं थोडं सरकतो. उपाय असा, की मधला आकडा काढायचाच नाही. आधी कमाल टोक घ्यायचं आणि विचारायचं, "उत्तर याच्याही वर निघालं, तर कशामुळे?" मग तेच किमान टोकाचं.

इंजिनिअर इतका वेळ गप्प होता. कामाच्या मुदतीचा विषय निघाल्यावर तो सरसावला.

इंजिनिअर: लोक कामाचे तुकडे पाडतात, प्रत्येकाचे दिवस लिहितात आणि बेरीज करतात. बेरीज चोख असते, पण परवानगीची वाट पाहणं, पुन्हा करावं लागलेलं काम, दुसऱ्याकडून अडलेला भाग हे त्या यादीत नसतं. शिवाय दहा टप्पे, प्रत्येक वेळेत होण्याची शक्यता ९० टक्के, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरलं, तरी दहाही वेळेत होण्याची शक्यता ३५ टक्केच उरते.

डॉक्टर: मग करायचं काय?

इंजिनिअर: आधी मागची तशीच कामं काढायची. प्रत्यक्ष लागलेले दिवस भागिले ठरवलेले दिवस. समजा पाच कामांचे आकडे आले १.२, १.३, १.५, १.६ आणि २.४. मधला १.५. नव्या कामाचा अंदाज २० दिवस असेल तर ३० धरा. उशीर अजिबात परवडणारा नसेल तर ४८. "या वेळेस तसं होणार नाही" म्हणून २.४ चा आकडा वगळायचा मोह होतो. तो वगळला की हिशेब फुकट.

बापूंचा खरा आक्षेप आत्ता बाहेर आला. असे आकडे काढत बसलं तर कोणी काही सुरूच करणार नाही.

डॉक्टर: अंदाज वेगळा आणि कृती वेगळी, बापू. शस्त्रक्रियेत हात ठामच हवा. पण रक्तस्राव झाला तर रक्त तयार आहे का, हे भूल देण्याआधी विचारायचं असतं. हात ठाम आहे म्हणून तो प्रश्न गाळायचा नसतो.

बापू: ठीक. पण बैठकीत "७० टक्के" म्हणणारा हरतो आणि "शंभर टक्के" म्हणणारा जिंकतो, त्याचं काय?

याला चटकन उत्तर कोणाकडेच नव्हतं, कारण बापूंचं म्हणणं खरं आहे. अखेर मास्तरांनी हवामान खात्यांची पद्धत सांगितली. पावसाची शक्यता आकड्यात द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आकाश पाहायचं. रोज उत्तर मिळत असल्याने चांगल्या अंदाजकाराच्या "७० टक्के" म्हटलेल्या दिवसांपैकी सुमारे ७० टक्के दिवशी पाऊस पडतो. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली त्याला गुण देण्याची रीत दिली. शक्यता दशांशात लिहायची, घडलं तर १ आणि नाही घडलं तर ०, दोहोंतल्या फरकाचा वर्ग काढायचा. ०.९ म्हणालात आणि घडलं नाही तर दंड ०.८१. ०.६ म्हणालात तर ०.३६. दर वेळी ०.५ म्हणणाऱ्याला कायम ०.२५. शंभर टक्के म्हणून चुकणाऱ्याला पूर्ण १. बैठकीतल्या दोघांनाही वहीत लिहायला लावा: विधान, शक्यता, तारीख. तीसेक नोंदी झाल्या की सरासरी काढा, कोणाची कमी ते दिसेल.

बापू: आणि "काम झालं" म्हणजे काय, यावरच भांडण झालं तर?

मास्तर: ते शक्यतेच्या आधी लिहायचं. "प्रकल्प नीट पार पडेल" ही नोंद चालणार नाही. "अमुक तारखेला संध्याकाळी सहाच्या आत ग्राहकाने सही केलेली असेल" ही चालेल. निकाल लावणारा तिसरा माणूसही त्याच ओळीत लिहून ठेवायचा.