ब्रासभर ताप

गच्चीवर 20 बाय 15 ची एक खोली चढवायची ठरली, तेव्हा मी सगळ्यात आधी नवी वही आणली. माझं म्हणणं साधं होतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, यात कुणाला काय फसवता येणार?

स्लॅब पाच इंची. म्हणजे 300 चौरस फुटांचं 125 घनफूट काँक्रीट. ओलं झालं की माल बसतो, म्हणून कोरडा माल 1.54 पट धरायचा: 192.5. प्रमाण एकास दीडास तीन, म्हणून भागिले साडेपाच. सिमेंट 35 घनफूट, वाळू 52.5, खडी 105. पोतं साधारण सव्वा घनफुटाचं, म्हणजे 28-29 पोती. मी ही वही मिस्त्रींपुढे धरली. त्यांनी तंबाखू मळता मळता वर आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "तीस पोती सांगा. वाळू अर्धा ब्रास, खडी एक." वहीकडे त्यांनी पाहिलंच नाही. आईनं मात्र पाहिलं. "इतका वेळ हेच करत होतास?"

पुढे गिलाव्यालाही लागणार म्हणून वाळू ब्रासभरच मागवली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीचा हौद 10 बाय 5 बाय 2, हिशेब चोख. मी टेप घेऊन चढलो. मधे डोंगर, पण कोपऱ्यांत वाळू जेमतेम पावणेदोन फूट. ड्रायव्हर म्हणाला, "रस्त्यानं बसली, साहेब." मधला डोंगर कोपऱ्यांत ओढून सपाट कर म्हटलं, तर म्हणाला, त्याची मजुरी वेगळी.

शिवाय वाळू ओलसर होती. ओलसर वाळू फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो आणि दाणे एकमेकांपासून लांब राहतात. पाव हिश्शाइतका फुगवटा येऊ शकतो. पुरती पाण्यात बुडवली की पुन्हा खाली बसते. म्हणजे मी पैसे वाळूचे देतोय की हवेचे? मी काचेचा ग्लास आणला, काठोकाठ वाळू भरली, ती बाहेर काढली, ग्लासात निम्मं पाणी घेतलं आणि तीच वाळू चमच्यानं परत सोडत गेलो. सगळी वाळू आत गेली तरी वर चांगलं बोटभर पाणी मोकळं उरलं. पुरावा घेऊन मी विजयी मुद्रेनं वळलो, तर मागे ही उभी.

"अहो, तो पाहुण्यांचा ग्लास आहे."

तेवढ्यात ट्रॉली रिकामी होऊन कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

गिलाव्याचा ब्रास मात्र चौरस फुटांचा, त्याला उंची नाही, त्यामुळे तो फुगत नाही, अशी माझी समजूत. बिल आलं: आतून घेर 70 फूट, उंची 10, म्हणजे 700 चौरस फूट, सात ब्रास. बाहेरचं वेगळं. दार मिस्त्रींनी मनानंच वजा केलं होतं. चार बाय चारची खिडकी मात्र आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे भरीव भिंत म्हणून धरलेली.

मी आयएस 1200, म्हणजे बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलंय: भिंतीला दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर अर्धा ते तीन चौरस मीटरची खिडकी एका बाजूनं वजा करायची. आमची खिडकी दीड चौरस मीटरची, अगदी नियमात बसणारी.

"हे दिल्लीचं असंल," मिस्त्री म्हणाले. "पण तुम्ही म्हणता तर करू वजा. चार चोक सोळा. सोळा फूट कमी."

मी वहीत टिक केली.

"आता खिडकीच्या आतल्या कडा. त्या धरल्याच नव्हत्या, घरचं काम म्हणून. चारी बाजू चार-चार फूट, सोळा फूट. त्या लावतो."

"अहो, ते चौरस फूट होते, हे नुसत्या लांबीचे, रनिंग फूट!"

"फूट तो फूटच, साहेब. दर पण तोच लावलाय."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोळातनं सोळा गेले, सोळा मिळाले. देऊन टाक रे त्यांचे पैसे."