थंडी, गॅरेज आणि सासरेबुवांची चेतक

हिवाळ्यात घराच्या गॅरेजात एखादे जुने यंत्र सुटे करून पसरायचे आणि बर्फ वितळेपर्यंत ते निवांतपणे जोडत बसायचे, हा छंद ज्या देशांत वाढला तिथे हिवाळाही आहे आणि गॅरेजही आहे. मुंबईकराला दोन्हींची सोय स्वतःलाच लावावी लागते. सांताक्रूझच्या वेधशाळेने २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदवले, तो या शहराचा नीचांक. सांताक्रूझ हे आमच्या विलेपार्ल्याच्या शेजारचेच स्टेशन असल्यामुळे आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ मंडळी त्या आकड्याचे थोडेफार श्रेय आजही स्वतःकडे घेतात. एरवी पारा सतरा अंशांपर्यंत उतरला की कपाटातून कानटोप्या बाहेर येतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास जायच्या आत पुन्हा आत जातात. तरीही यंत्र खोलण्याचे काम करायचे तर ते याच दिवसांत, कारण पावसाळ्यात आमच्या इमारतीखाली घोट्याइतके पाणी असते आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथे पान्हा धरला तर तो घामाने हातातून निसटतो.

गॅरेजची गोष्ट याहून अवघड आहे. इमारतीखालच्या खांबांमध्ये पांढऱ्या रंगाने आखलेला एक चौकोन आपला आहे, अशी माझी समजूत होती. परंतु स्टिल्ट पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ते वेगळे विकता येत नाही आणि ती जागा सर्वांच्या सामाईक वापराची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे, आणि तो निकाल आमच्या सेक्रेटरींना मुखोद्गत आहे. याचा अर्थ असा, की मी तिथे सतरंजी अंथरून बसलो तेव्हा कायद्याने सर्व सदस्यांच्या जागेत बसलो होतो. सदस्यांनी या निकालाचा पूर्ण मान राखला. पुढचे सर्व महिने ती स्कूटर माझी कमी आणि सामाईक जास्त होती.

स्कूटर म्हणजे सासरेबुवांची चेतक. त्यांनी ती १९८६ मध्ये घेतली. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. घरातील मुलगी चालू लागली तेव्हा लावलेला नंबर ती शाळेत जाऊ लागल्यावर आला, ही हकिकत मी लग्नापासून नियमाने ऐकत आलो आहे, कारण ती मुलगी म्हणजे आमची सौभाग्यवती. सासरेबुवा नाशिकला राहायला गेले तेव्हा त्यांनी घरातील बाकी सर्व सामान टेम्पोत भरले आणि चेतक आमच्या हवाली केली. हळदीघाटीच्या लढाईत, १५७६ मध्ये, जखमी पायाने राणा प्रतापांना ओढ्यापलीकडे नेणाऱ्या घोड्याचे नाव या गाडीला आहे. आमच्याकडे आल्यापासून तिला मात्र लिफ्टसमोरचा उंबरठाही ओलांडता आलेला नव्हता. सुरुवातीला तिच्यावर ताडपत्री होती, मग ताडपत्रीवर मांजर आले, मग मांजराला पिल्ले झाली, आणि अखेर पुनर्विकासाच्या चर्चेत 'भंगार सामान' या शीर्षकाखाली तिचा उल्लेख झाला तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, बाबांना काय सांगू?" नोव्हेंबरात मी पान्ह्यांचा संच आणला.

खरे सांगायचे तर यंत्र म्हणून ही स्कूटर अगदी सरळ स्वभावाची आहे. टू-स्ट्रोक इंजिन, एक सिलिंडर, चार गिअर, तेही डाव्या हाताच्या मुठीत. साखळी नाही, मागचे चाक थेट इंजिनालाच बसवलेले असते. वायरी सोडवल्या आणि इंजिनाचा लांब बोल्ट व शॉकॲब्झॉर्बरचा बोल्ट काढला की सगळे इंजिन चाकासकट बाहेर येते. आमच्याकडे तो लांब बोल्ट समुद्राच्या खाऱ्या हवेत इतकी वर्षे राहून आपल्या नळीशी एकजीव झाला होता. त्याच्यावर रोज थोडे गंजनाशक तेल सोडायचे, एक ठोका मारायचा आणि वर जेवायला जायचे, असा क्रम ठेवला, आणि एके संध्याकाळी ठोका न मारताच तो हलला. ज्यांनी गंजलेला बोल्ट सोडवलेला आहे त्यांना या आनंदाबद्दल काही सांगायला नको. ज्यांनी सोडवलेला नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

अवघड होती ती माणसे. तिसऱ्या मजल्यावरचे काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत, आणि जे यंत्र उचलायला क्रेन लागत नाही त्याला ते यंत्र मानत नाहीत. ते रोज खुर्ची घेऊन खाली यायचे, माझ्या हातातील स्पार्क प्लगकडे करुणेने पाहायचे आणि "आमच्याकडे..." अशी सुरुवात करायचे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक गट जाताना सूचना द्यायचा आणि परत येताना त्या सूचना पाळल्या की नाही हे पाहायचा. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचे तर काही विचारूच नये. या पिढीच्या हाताला असे वळण आहे, की बंद पडलेली स्कूटर दिसली की न विचारता पुढे व्हायचे, ती एका अंगावर तिरकी करायची, सरळ करायची आणि किक मारायची. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागापर्यंत, पोहोचत नसेल तर या उपायाला काही अर्थ आहे, हे मी मान्य करतो. परंतु इंजिन उतरवून बाजूच्या बाकावर ठेवलेले असताना पाहुणे म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी नुसता सांगाडा तिरका केला, पायाने किक शोधली, ती सापडेना तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "किकही गेलीय की हो हिची!"

नाशिकहून सासरेबुवांचा फोन रात्री जेवणाच्या वेळी यायचा. "जावईबापू, कार्ब्युरेटरला तार घालू नका हं." हा सल्ला मात्र सोन्यासारखा निघाला. टाकीत वर्षानुवर्षे राहिलेल्या पेट्रोलचा उडून जाण्यासारखा भाग उडून जातो आणि मागे चिकट तपकिरी राळ उरते. ती कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसते. जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. तिथे लोखंडी तार घातली तर छिद्र मोठे होते, आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. विजेच्या वायरीतील तांब्याचा एकच बारीक धागा घ्यायचा, जेट ट्यूबलाइटसमोर धरून हलक्या हाताने आत-बाहेर करायचा आणि फुंकर घालून पाहायचे. पहिल्यांदा त्या छिद्रातून उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा शेजारी खुर्चीवर बसलेल्या काकांनीही डोळा लावून पाहिला आणि बऱ्याच वेळाने 'हं' म्हटले.

रॉकेल आता सहजी मिळत नाही, म्हणून भाग धुवायला डिझेल आणले. ते घरातील जुन्या पराती​त ओतले, त्यावर घरात जे व्हायचे ते झाले. शिवाय आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पुनर्विकासाचे काम चालू असल्यामुळे पुसून ठेवलेल्या प्रत्येक भागावर सकाळपर्यंत सिमेंटची साय धरत असे. शेवटी पिस्टन आणि रिंगा मी शयनगृहातील कपाटात, शालींच्या खणात ठेवल्या. त्या वर्षी शालींची गरज पडलीच नाही.

सुटे भाग गोळा करणे हा वेगळाच उद्योग आहे. नटबोल्ट आणि बेअरिंगसाठी मशीद बंदर स्टेशनावर उतरून नागदेवी स्ट्रीट, जुन्या पत्र्यांसाठी चोर बाजार, बाकीच्यासाठी कुर्ला. ऑइल सीलचे मात्र जुने चालत नाही, नवेच हवे. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून वर सिलिंडरात जाते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची सील घट्ट लागतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की रबर कडक होते. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत शिरून इंजिन रिकामेच किंचाळते, आणि क्लचच्या बाजूचे गेले तर गिअरचे तेल जळून मागे धुराचा लोट उठतो. कुर्ल्याच्या दुकानदाराने माझ्या हातातील कडक झालेले सील दोन बोटांत धरून वाकवले, त्याचे तुकडे झाले, आणि तो म्हणाला, "साब, ये तो बिस्कुट हो गया." सील किमतीला क्षुल्लक, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला इंजिन जवळजवळ सगळे उघडावे लागते, आणि उघडलेले इंजिन पाहायला आमच्या इमारतीखाली जितकी माणसे जमली तितकी सर्वसाधारण सभेला कधीही जमत नाहीत. त्या गर्दीत गणपूर्ती झाल्याचे पाहून सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय तिथेच मांडून घेतला.

आमच्या शेजारच्या चौकोनात चेतकच असते, पण ती विजेवर चालणारी, २०२० पासून बाजारात आलेली. तिचा मालक एक सज्जन तरुण आहे. "काका, ही सुरू व्हायला किती वेळ लागतो?" असे त्याने एकदा विचारले. उत्तर मिनिटांत द्यावे की महिन्यांत, हे मी ठरवीपर्यंत तो मुळीच आवाज न करता निघून गेला होता.

फेब्रुवारीत गाडी जोडून झाली. पेट्रोल पंपावरील मुलाला पेट्रोलमध्ये लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल, मिसळायचे ही भानगड समजावून सांगताना मागची रांग वाढत गेली. पूर्वी हे तेल मोजून देणारे यंत्र पंपावरच असे, आता बाटली आणि माप आपले आपण न्यावे. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट पॉलिश पेपरने साफ केले, कंडेन्सर नवा घातला, प्लग इंजिनाच्या अंगाला टेकवून किक मारली तेव्हा स्टिल्टच्या काळोखात निळी ठिणगी उडाली आणि लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग प्लग बसवला, चोक ओढला. मी किक मारणार, तोच चार जणांनी पुढे होऊन गाडी तिरकी केली. ती सुरू झाली, ही गोष्ट खरी. परंतु तिच्या सुरू होण्याचे श्रेय तिरके करण्याला आहे की माझ्या हिवाळाभराच्या कामाला, याबद्दल आमच्या सोसायटीत आजही एकमत नाही. सायलेन्सरमध्ये साचलेले सगळे तेल त्या दिवशी जळाले. निळा धूर जिन्यातून वर चढत पाचव्या मजल्यापर्यंत गेला, वॉचमनने वाळूची बादली आणली, आणि संध्याकाळी फलकावर सूचना लागली: 'सर्व सदस्यांस कळविण्यात येते की आज सकाळी निघालेला धूर आगीचा नसून स्कूटरचा होता. सदस्यांनी विम्याबाबत चौकशी करू नये.'

पंधरा वर्षांवरील गाडीला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, पीयूसी काढावे लागते. सासरेबुवांनी मूळ आरसी पुस्तक देवघरात पोथ्यांशेजारी ठेवून जपलेले होते, त्याला हळदीकुंकवाचे डागही आहेत. अंधेरीच्या आरटीओत गाडी तपासून घेतली आणि ते काम बिनबोभाट झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

राहता राहिला स्पीडोमीटर. त्याची केबल पुढच्या चाकाजवळच्या एका छोट्या दातेरी पिनियनवर फिरते, त्या पिनियनचे दात झिजले आहेत आणि कुर्ल्याच्या दुकानदाराने होळीनंतर यायला सांगितले आहे. त्यामुळे काटा शून्यावर आहे आणि वेगाचा निकाल सध्या सामाईक मताने लागतो. माझ्या अंदाजाने हनुमान रोडवर मी सहज चाळीसने जातो. फिरायला जाणाऱ्या गटाचे म्हणणे असे, की त्यांनी परवा मला नाक्यापर्यंत दोनदा ओलांडले.