म्हणे, आठ तासांचं काम तीन तासांत!

तो मेसेज चार ग्रुपांवर दिसला तेव्हा मी न वाचताच पुढे गेलो होतो. "ही ९ ॲप्स घ्या, ८ तासांचं काम ३ तासांत उरका, वही-रजिस्टरला रामराम ठोका." पण तो फिरत फिरत आमच्या मामांपर्यंत पोचला. मामांचं बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचा माल मशीनवर घडवून द्यायचं शेड आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं) आणि एक म्हातारं लेथ. त्यांचा हिशोब मी बघतो. रविवारी सकाळी फोन, "अरे, रजिस्टर बंद केलं बघ. आता सगळं मोबाईलवर." चहा तसाच टाकून शेडवर गेलो.

पहिला मुद्दा होता, 'रजिस्टरच्या पानाचा फोटो काढा, एआय तक्ता करून देतं.' मामांच्या रजिस्टरात फाउंड्रीकडून आलेल्या कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, चलनाचा (मालासोबतच्या चिठ्ठीचा) नंबर, तारीख, आलेले नग, मशिनिंग होऊन गेलेले नग, ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) निघून रिजेक्ट झालेले नग. लिहिणारे तिघे. मामा मराठी आकडे काढतात, सुपरवायझर इंग्रजी, आणि बैलहोंगलचा ऑपरेटर शेरा कन्नडमध्ये टाकतो. बेळगावात यात नवल कसलं, एकाच पानावर तिन्ही सुखानं नांदतात. ॲपची मात्र भंबेरी उडाली. मामांचा मराठी एक त्यानं इंग्रजी नऊ म्हणून वाचला. अकरा रिजेक्ट नगांचे झाले नव्व्याण्णव! कन्नड शेऱ्याच्या जागी कोरा रकाना. आणि तक्ता असा देखणा की चुकीचा संशयही येऊ नये. चलनांची गड्डी सोडून एकेक ओळ ताडून पाहण्यात माझे दोन तास गेले. वाचलेल्या पाच तासांतून हे वजा करायचे का, ते मेसेजवाल्यानं सांगितलेलं नाही.

आणि ही वही हौसेची नाही हो. जॉबवर्कला दिलेला कच्चा माल जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत जावा लागतो. नाही गेला, तर ज्या दिवशी तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून माल देणाऱ्यावर कर बसतो. उद्या फाउंड्रीच्या अकाउंटंटनं विचारलं, "रिजेक्ट नव्व्याण्णव दाखवलेत, हातात अकराच आले, बाकीचे अठ्ठ्याऐंशी कुठं?" तर मामांनी मोबाईल पुढे करायचा?

'एआयनं प्रत्येकाचा वेग दुप्पट होतो.' कुणी मोजला? एके ठिकाणी खरोखर मोजलाय, ते ऐका. मेटर नावाच्या संस्थेनं २०२५ साली १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआय घेऊन करायची, काही एआयशिवाय. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता की वेळ २४ टक्के कमी लागेल. घड्याळात तो १९ टक्के जास्त लागला. गंमत पुढेच आहे. सगळं झाल्यावरही त्यांना वाटत होतं, आपला २० टक्के वेळ वाचला. आता हे प्रोग्रामर होते, मामा नव्हेत, आणि तेव्हापासून साधनंही सुधारलीत, मान्य. पुण्याच्या गिऱ्हाईकाला इंग्रजी मेल लिहायला मामांना पूर्वी अर्धी सकाळ लागायची, ती आता लागत नाही, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. पण "मला तर लई फास्ट वाटतं" हा पुरावा नव्हे. फास्ट तर त्या सोळा जणांनाही वाटलं होतं.

'दर कामाला वेगळं ॲप.' मंगळवारी डिलिव्हरीची तारीख एका ॲपात होती, आठवण दुसऱ्यात वाजली आणि ड्रॉइंग तिसऱ्यात अडकलं. शेवटी सुपरवायझरनं ती तारीख खडूनं लेथवर लिहिली.

'एक्सेल कालबाह्य झालं.' इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनाच्या जवळपास १६,००० बाधितांच्या नोंदी एक्सेलमुळे गळाल्या, हे खरं. पण तिथं जुन्या प्रकारची फाइल वापरली होती, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. नव्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी मावतात. मामांची वर्षाची चलनं हजाराच्या आत. चिंता नको.

'प्रो आवृत्ती फुकट, खालच्या लिंकवरून घ्या.' ही फाइल प्ले स्टोअरबाहेरची, आणि उघडताक्षणी एसएमएस वाचायची परवानगी मागते. बँकेचा ओटीपी त्याच फोनवर येतो. आधी ती काढून टाकली, मग चपला काढल्या.

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल करतो. रजिस्टरात जुनं चलन सापडत नाही. दिवाळीआधी एका चलनासाठी आम्ही दोघांनी अख्खी दुपार पानं उलटली होती. म्हणून आता सहा रकान्यांची एक शीट केलीय. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर सुपरवायझर चलन बघून हातानं नोंद करतो, दहा मिनिटं. रजिस्टर पुन्हा टेबलावर आलंय, दोरीनं बांधलेल्या पेनासकट.

मेसेजच्या शेवटी होतं, "दहा ग्रुपांना पाठवा." ते काम तेवढं मामांनी कुठल्याही ॲपची वाट न बघता रविवारी सकाळीच उरकलं होतं.