नायडॉर्फ खेड्यातल्या मुलांसाठी नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?

“काका, मले सिसिलियन सोडा लागते काय?” आठवीतल्या माझ्या पुतणीनं असं विचारलं आणि पाठोपाठ तिच्या बाबांचा मोबाईल माझ्या हातात आला. त्यात एक लांबलचक मेसेज होता. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये तो जोरात फिरतोय. भावाला तो आर्वीकडच्या कुणाकडून आला आणि त्यानं तो चांगल्या मनानं घरात वाचून दाखवला. मी शेवटपर्यंत वाचला आणि संतापलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सिसिलियन बचावातली (पांढऱ्याच्या ई४ ला काळ्यानं सी५ नं उत्तर द्यायचं तो बचाव) नायडॉर्फ लाईन, म्हणजे चालींचा एक ठरलेला क्रम, मुलांना शिकवू नका. पंचवीस चाली पाठ नसतील तर हार ठरलेली आहे. त्यातली ए६ ही काळ्याची पाचवी चाल वाया घालवलेली चाल आहे (पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या १ ते ८; ए६ म्हणजे ए ओळीतलं सहावं घर). कॉम्प्युटरनं ही लाईन मोडीत काढली आहे. खुद्द जगज्जेत्या बॉबी फिशरनं मार खाल्ल्यावर ती सोडून दिली. आणि महागडा कोर्स, लॅपटॉप, शहरातला कोच यांच्याशिवाय ती जमतच नाही, म्हणून ग्रामीण भागातल्या मुलांनी चार चालींत मात देण्याचे सापळे आणि एकच ठरलेली मांडणी पाठ करावी. खाली नाव नाही, फक्त “अनुभवी प्रशिक्षक”.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, आणि त्यानंतर आमच्या गावातही धूळ झटकून पट बाहेर निघाले. वाचनालयात रविवारी मुलं जमतात, मी त्यांना शिकवतो. नेमक्या अशा वेळी हा मेसेज घराघरांत पोचतोय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी ए६. “वाया घालवलेली चाल” हे वाक्य लिहिणाऱ्यानं ही लाईन कधी पटावर मांडून पाहिली आहे का, अशी मला शंका आहे.

चाली अशा होतात. पांढरा ई४, काळा सी५. पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचं प्यादं डी६. पांढरा डी४ करतो, काळा ते प्यादं मारतो, पांढऱ्याचा घोडा ते परत मारून डी४ वर बसतो. काळ्याचा घोडा एफ६, पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३. आता काळा प्यादं ए६ वर ढकलतो.

काळ्याला इथं मनातून ई५ खेळायचं आहे. डी४ वरच्या घोड्याला हाकलायचं आणि मध्यात जागा घ्यायची. मग लगेच ई५ का नाही? मुलांना मी हेच करून पाहायला लावतो. काळ्यानं पाचव्या चालीला ई५ केलं की पांढरा उंट बी५ वर आणून शह देतो. काळा उंट डी७ वर मध्ये घालतो, उंटाला उंट जातो, वजीर डी७ वर येतो. आता पट बघा. डी५ या घरावर काळ्याचं एकही प्यादं पुन्हा कधी पहारा देऊ शकणार नाही, आणि त्या घरावर नजर ठेवणारा पांढऱ्या घरांचा उंटही गेला. तिथं पांढऱ्याचा घोडा येऊन बसला की काळा पूर्ण डाव गुदमरत राहतो.

ए६ केल्यावर तो शह उरत नाही. डी४ चा घोडा बी५ वर उडी मारून डी६ च्या प्याद्यावर येऊ शकत नाही. आणि पुढं बी५ ढकलून वजिराच्या बाजूला काळ्यानं चढाई करायची तर तिचा पायाही याच चालीत घातला जातो. पेरणीआधी वखरणी करणाऱ्याला आपल्याकडे कुणी वेळ वाया घालवला म्हणत नाही. “कडेचं प्यादं सुरुवातीला हलवू नका” हा नियम नवशिक्यांसाठी चांगला आहे, पण नियम का आहे ते कळलं की तो कधी मोडायचा तेही कळतं.

ए६ नंतरचा खेळही पाठांतराचा नाही, प्रश्न विचारण्याचा आहे. पांढऱ्यानं सहाव्या चालीला उंट ई२ वर ठेवला तर काळा निर्धास्तपणे ई५ खेळतो. उंट सी४ वर आला तर ई६ खेळून त्या उंटाच्या तोंडावर भिंत घालतो. उंट जी५ वर आला तर ई५ खेळायचं नाही, कारण पांढरा उंटानं एफ६ चा घोडा मारेल, वजीर तो उंट परत मारेल आणि पांढऱ्याचा घोडा डी५ वर वजिरावर हल्ला करत येईल. तिथंही ई६. “डी५ कुणाच्या ताब्यात आहे?” एवढा एक प्रश्न दरवेळी विचारायचा. सहावी-सातवीतल्या मुलांना हे समजतं, मी शिकवताना बघतोय.

आता पंचवीस चालींचं पाठांतर. इथं अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. पांढरा सहाव्या चालीला उंट जी५ आणि सातव्या चालीला एफ४ खेळला, आणि काळ्यानं वजीर बी६ वर आणून बी२ चं प्यादं खाल्लं, तर पुढचा रस्ता खरोखर निसरडा आहे. त्याला ‘विषारी प्यादं’ म्हणतात ते उगाच नाही. तिथं अभ्यासाशिवाय शिरणाऱ्या मुलाचा वजीर अडकतो. पण ते प्यादं खाण्याची सक्ती कुणी केली? उंट ई७ वर ठेवून खेळता येतं. तिथंही धोके आहेत, पण मोहरी नेहमीच्या जागी बसतात आणि मुलाला काय चाललंय ते दिसत राहतं. आणखी एक मान्य करतो: ज्या मुलाचा घोडा अजून दर डावात फुकट जातो त्याला नायडॉर्फ शिकवू नये. आधी फुकट मोहरी देणं थांबवा.

पण पाठांतर म्हणजेच सगळं, या दाव्याला बुद्धिबळाच्या इतिहासानं फार पूर्वी उत्तर दिलंय. १९५५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला इंटरझोनल, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पात्रता स्पर्धा होती. अर्जेंटिनाचे तीन खेळाडू, स्वतः मिगेल नायडॉर्फ, ऑस्कर पान्नो आणि हर्मन पिल्निक, एकाच फेरीत काळ्या मोहऱ्यांनी तीन सोव्हिएत खेळाडूंसमोर बसले: केरेस, गेलर आणि स्पास्की. तिघांनीही घरी तयार करून आणलेली एकच लाईन खेळली, नवव्या चालीला जी५ ढकलण्याची. तयारी, पाठांतर, सगळं त्यांच्याच बाजूला होतं. गेलरनं पटावर बसून विचार केला आणि अकराव्या चालीला घोडा ई६ वर बळी दिला. केरेस आणि स्पास्कीनंही तेच केलं. तिन्ही अर्जेंटिनी खेळाडू हरले. ज्याच्या नावानं ही लाईन ओळखली जाते तो माणूस स्वतःच्या लाईनमध्ये, घरची तयारी असताना, पटावर विचार करणाऱ्यांकडून हरला. पाठांतराची ताकद किती आणि मर्यादा किती, याचा आणखी काय पुरावा हवा?

मग ती लाईन मेली का? तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, पोर्तोरोझच्या इंटरझोनलला पंधरा वर्षांचा बॉबी फिशर काळ्या मोहऱ्यांनी युगोस्लाव्हियाच्या ग्लिगोरिचसमोर तीच लाईन खेळला. तोच घोड्याचा बळी पटावर आला. फिशरनं तेराव्या चालीला हत्ती एच७ वर नेला आणि डाव बरोबरीत सोडवला. जिथं तिघं पडले तिथं तो उभा राहिला, कारण त्यानं हरलेले डाव उघडून नेमकं कुठं चुकलं ते शोधलं होतं. मुलांना मी हे चारही डाव एकापाठोपाठ एक पटावर मांडून दाखवतो. कुठल्याही कोर्सपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळतं. डाव जुने आहेत, फुकट मिळतात.

फिशरनं मार खाल्ल्यावर नायडॉर्फ सोडली म्हणे. हे सरळ खोटं आहे. १९७२ च्या रेक्याविकच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सातव्या डावात त्यानं स्पास्कीविरुद्ध विषारी प्यादं खाल्लं आणि बरोबरी केली. अकराव्या डावात पुन्हा खाल्लं. स्पास्कीनं चौदाव्या चालीला घोडा मागे बी१ वर नेला, फिशरचा वजीर कोंडला गेला आणि फिशर हरला. मेसेजवाल्यानं बहुधा एवढंच वाचलंय. पंधराव्या डावात फिशरनं पुन्हा नायडॉर्फच खेळली, यावेळी उंट ई७ वर ठेवून, आणि बरोबरी केली. लढत त्यानं १२½-८½ अशी जिंकली. त्यानं त्या लढतीत एक फांदी सोडली, झाड सोडलं नाही.

कॉम्प्युटरच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, पांढऱ्याला किंचित सरस दाखवतं, आणि तसं ते काळ्याच्या बहुतेक सगळ्याच बचावांत दाखवतं. त्याला मोडीत काढणं म्हणत नाहीत. कास्पारोव्हनं ती खेळली, आनंदनं खेळली, फ्रान्सचा ग्रँडमास्टर मॅक्सिम वाशिए-लाग्राव इंजिनच्या जमान्यात वर्षानुवर्षं खेळतोय. “मोडीत काढली” म्हणणाऱ्यानं कुठल्या चालीला मोडली ते सांगावं. मेसेजमध्ये एकही चाल दिलेली नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझा खरा राग याच्यावर आहे. बाकीचं चुकीचं आहे, हे घातक आहे. शहरातली मुलं विचार करतील आणि खेड्यातल्या मुलांनी सापळे पाठ करावेत, हा हिशेब कुठून आला? चार चालींतल्या मातेचं काय होतं ते सांगतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत दोन डाव फटकन जिंकता येतात. पोरगं खूश, बाप खूश. जिल्ह्याला समोर कुणीतरी वजीर एच५ वर आला की घोडा सी६ वर काढतो, मग प्यादं जी६ वर ढकलून वजिराला हाकलतो, मग घोडा एफ६ वर. पाचव्या चालीला आपल्या मुलाचा वजीर पटभर पळतोय आणि समोरच्याची मोहरी एकेक करून बाहेर येताहेत. आता काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पोरगं रडत एसटीत बसतं आणि पुढच्या वर्षी खेळायला येत नाही. मी अशी मुलं पाहिलीत. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती, त्यांना कमी शिकवलं गेलं होतं.

खरी गोष्ट अशी की तालुका-जिल्हा पातळीवर नायडॉर्फची खोल लाईन पटावर येतच नाही. समोरची मुलं दुसऱ्याच चालीला उंट सी४ वर आणतात, नाहीतर सी३ खेळतात, नाहीतर तिसऱ्या चालीला उंट बी५ चा शह देतात. या चालींना उत्तर तयार ठेवणं हीच नायडॉर्फ खेळणाऱ्या मुलाची खरी मेहनत आहे, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. उंट सी४ आला तर ई६ खेळा आणि पुढं डी५ ढकला, त्या उंटाला मागे जावं लागतं. सापळे लावणाऱ्यांचा आवडता उंटच निकामी होतो. सी३ आलं तर घोडा एफ६ वर आणून ई४ च्या प्याद्यावर हल्ला करा. बी५ चा शह आला तर उंट डी७ वर घाला, अदलाबदल होऊ द्या. इथं अजून ई५ केलेलं नाही, त्यामुळे डी५ चं भोक पडत नाही. एवढं नीट समजलं तर मूल आत्मविश्वासानं सी५ खेळू शकतं.

आणि खर्च? लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप मोबाईलवर फुकट चालतं, जाहिराती नाहीत. पटावरच्या चालींची आकडेवारी त्यात आहे, स्टॉकफिश इंजिन त्यात आहे, आणि एकदा ॲप उतरवलं की नेट नसतानाही विश्लेषण करता येतं. आमच्याकडे लाईट जाते, टॉवर जातो, पण तेवढ्यानं अभ्यास अडत नाही. हरलेला डाव वहीत लिहायचा, आधी स्वतः चूक शोधायची, मगच इंजिनला विचारायचं. पालकांनो, पैसे खर्च करायचेच असतील तर दोन मुलांत मिळून एक चेस क्लॉक घ्या, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेची प्रवेश फी व एसटीचं भाडं बाजूला काढून ठेवा.